मोहरीला भोक नसतं

कंपनी किती मोठी आहे ते आम्हाला पहिल्याच दिवशी पडद्यावर दाखवलं. खोलीत अंधार केला. पडद्यावर गव्हाची शेतं आली, मोठमोठी यंत्रं आली, टेबलाभोवती बसून हसत खाणारी माणसं आली. ती का हसत होती ते कळलं नाही. शेवटी जगाचा नकाशा आला आणि त्याच्यावर एकेक दिवा लागत गेला. जिथं जिथं कंपनीचं खाणं तयार होतं तिथं एक दिवा. सगळा नकाशा उजळला तरी त्यातला आमचा कुपवाडचा दिवा कुठला ते मला सापडलं नाही.

माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "सायेब, मालक कोन हाय ह्येचा?"

शिकवायला आलेला माणूस म्हणाला, एक मालक नसतो. शेअरवाले असतात, देशोदेशी लाखो लोक.

"म्हंजे साखर कारखान्याच्या सभासदांगत."

"हां, तसंच."

"मग दिवाळीला कारखाना साखर देतोय, तसं त्येंस्नी काय देत्यात? पाकिटं?"

सगळ्या हसल्या. तोही हसला आणि त्यानं खोलीतले दिवे लावले.

मी चौथी शिकले. कंपनीबद्दल मला कळलं ते एवढंच, की ती बिस्किटं करते, शेवया करते, सूप करते, सॉस करते, आणि कुत्र्यांचं खाणंही करते. आमच्या गावातल्या दुकानात दोरीला लटकणाऱ्या माळांमधली निम्मी पाकिटं तिची आहेत, हे मला कामाला लागल्यावर कळलं. त्याआधी मला वाटायचं, ज्याची त्याची कंपनी वेगळी. पाकिटाच्या मागं खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव असतं. ते वाचायला चौथी पुरते, पण डोळे चांगले लागतात.

आणि कुपवाडचं आमचं युनिट कंपनीचं नव्हतंच. ते सांगलीच्या एका जैन शेठचं होतं. फाटकावर शेठच्या आजोबांचं नाव आणि आत पाकिटावर कंपनीचं. शेठ स्वतः कांदा-लसूण खात नव्हता, पण त्याच्या युनिटमधून कांदा-लसणाच्या मसाल्याच्या गाड्या भरून जायच्या. धंदा वेगळा आणि ताट वेगळं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. कंपनीची माणसं महिन्या-दोन महिन्यांनी तपासायला यायची. ती यायच्या आदल्या दिवशी भिंती धुवायच्या, नाल्या धुवायच्या, आमची नखं पुन्हा बघायची. शेठ कंपनीला भ्यायचा, ठेकेदार शेठला भ्यायचा, मुकादमीण ठेकेदाराला आणि आम्ही मुकादमिणीला. कंपनी कुणाला भीत होती ते त्या पडद्यावर दाखवलं नाही.

बायका लागत होत्या त्या कपातल्या उपम्याच्या लाइनवर. कपात भाजलेला रवा, सुकवलेला कढीपत्ता, तळलेली मोहरी, डाळ, गाजराचे वाळलेले तुकडे. वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून ठेवायचं, झाला उपमा. रवा यंत्रातून पडायचा. मोहरी-कढीपत्ता मात्र टेबलावर पसरून हातानं निवडायचा, कारण त्यातली काडी आणि खडा यंत्राला दिसत नाही. तो उपमा मी एकदा खाल्ला. वाईट नव्हता. पोट भरलं, पण खाल्ल्यासारखं वाटलं नाही.

नियम असा होता की आत जाताना अंगावर काही राहता कामा नये. बांगडी नको, टिकली नको, नाकात नको, कानात नको, मेंदी नको, आणि गळ्यात मंगळसूत्र नको. युनिट सुरू झालं तेव्हा ठेकेदाराची मुकादमीण आष्ट्याकडच्या आमच्या गावात बायका गोळा करायला आली. देवळासमोर उभं राहून तिनं हा नियम सांगितला. निम्म्याहून जास्त बायका पदर झटकून उठल्या.

"नवरा जित्ता असताना मोकळा गळा करायचा? कशापायी, गाजरं निवडाय?"

मग ज्यांच्याजवळ काढण्यासारखं काही नव्हतं त्या उरल्या. माझा नवरा पोटाच्या दुखण्यानं मिरजेच्या दवाखान्यातच वारला होता. त्याचं मागं काही राहिलं नव्हतं, ना नोकरी, ना पेन्शन. रान होतं ते दिरानं कसायला घेतलं होतं. घरात मी आणि शाळेत जाणारा एक मुलगा. नवरा गेला त्या दिवशी आयाबायांनी दगडावर माझ्या बांगड्या फोडल्या आणि गळ्यातलं उतरवलं, तेव्हा त्यांना कुठं ठाऊक होतं की त्या मला कंपनीच्या नियमात बसवतायत. पहिली गाडी भरली ती आमच्यासारख्यांचीच. गावातली माणसं तिला रंडक्यांची गाडी म्हणायची. गाडी वेळेवर यायची. मला तेवढं पुरत होतं.

पुढं सवाष्णीही यायला लागल्या. गाडीतून उतरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातात दर महिन्याला पगार दिसायला लागला, तसा नियम मऊ वाटायला लागला. कपडे बदलायच्या खोलीत एका भिंतीला खुंट्यांची रांग ठोकली, प्रत्येक खुंटीखाली नंबर. मंगळसूत्र तिथं अडकवायचं आणि शिफ्ट सुटली की गळ्यात घालून बाहेर पडायचं.

माझे गुडघे गेले तेव्हा मुकादमिणीनं मला लाइनवरून काढून त्या खोलीत बसवलं. टोप्या द्यायच्या, एप्रन द्यायचे, एप्रनवर चिकट रोलर फिरवून केस काढायचे, नखं बघायची, आणि अंगावर काही राहिलंय का ते बघायचं. मंगळसूत्र मात्र जिचं तिनं काढायचं आणि जिचं तिनं अडकवायचं. माझ्या हातात कुणी देत नसे आणि मीही मागत नसे. एकदा एकीचं खुंटीवरून खाली पडलं. मी उचलायला वाकले तर ती तिकडून ओरडली, "मावशी, ऱ्हाऊ द्या, मी घेते!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी वाकले होते तशी सरळ झाले. आठ तास बायकांची सगळी सौभाग्यं त्या भिंतीला लटकायची आणि त्यांच्यासमोर स्टुलावर मी बसायची. राखण करायला रांडमुंड चालते, हात लावायला चालत नाही. याचं मला काही वाटायचं नाही. पहिल्या वर्षी वाटलं असेल तर आता आठवत नाही.

मुलगा भरतीला गेला. पहिल्या खेपेला छातीत कमी पडला, दुसऱ्या खेपेला घेतला. त्याचं लग्न केलं ते रहिमतपूरकडच्या फौजी घरातल्या पोरीशी. तिचा बाप फौजेतून सुटून आलेला, भाऊ फौजेत, चुलते फौजेत. पोरगी बारावी झालेली, हातापायानं चलाख, बोलायला फटकळ. माझ्याशी जमलं असं म्हणणार नाही. भांडणही झालं नाही. दोघींना एकाच घरात राहायचं होतं आणि ज्याच्यामुळं राहायचं तो बर्फात कुठंतरी होता.

त्याचा फोन आला की त्याचा चेहरा दिसायचा. ती आधी गळ्यातली काळी पोत सरळ करायची, मग फोन उचलायची. त्यालाही ते बघायची सवय झाली होती. कधी ती मोबाइल तोंडाजवळ धरून बसली तर म्हणायचा, "जरा लांब धर की गं, नुसतं नाक दिसतंय."

ती युनिटमध्ये यायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, पोत काढावीच लागती का?"

"काढावी लागती."

"आमच्यात मानूस शिमेवर असताना अंगावरनं काढत न्हाईत. माजी आई अंघोळीलाबी काढत नव्हती."

"तुझ्या आईला कंपनीत जायचं नव्हतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गळ्यातलं काढून खुंटीवर अडकवलं. मी बघितलं. ते खरं नव्हतं. आष्ट्याच्या बाजारात मिळतं तसलं खोटं होतं, पिवळ्या वाट्यांचं. मला वाटलं खरी पोत घरी पेटीत ठेवून आली असेल. विचारलं नाही. बायका काय काय करतात ते मला त्या खोलीत सगळं दिसायचं. कुणी टिकलीचा गोंद तसाच ठेवून वरून टोपी ओढायच्या, कुणी जोडव्यांना चिकटपट्टी गुंडाळायच्या. केस आणि नखं सोडून मी फार खोलात जात नव्हते.

दोन वर्षं अशीच गेली. मग शेठ ठेकेदाराकडच्या काही बायका कायम करणार अशी बोलवा उठली. मुकादमीण माझ्या खोलीत येऊन चहा पिताना म्हणाली, "मावशी, तुज्या सुनंचं नाव हाय बरं का वरनं. पेढं तयार ठेव."

मी घरी सांगितलं. सून भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "झालं तर बरं हुईल. मग माजं माजं कायतरी असंल."

हे तिचं बोलणं मला पटलं. फौजीच्या बायकोजवळ स्वतःची नोकरी पाहिजे. का, ते फोडून सांगायला नको. मला सांगणारं कुणी नव्हतं, तरी मला ते कळलं होतं. तिला अजून कळायचं होतं आणि न कळलं तर उत्तम.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, आत गार आणि बाहेर आग. लॅबमध्ये एक पोरगी होती. ती लाइनवरून अधूनमधून एखादा कप उचलायची, पाणी ओतायची, चव बघायची, उरलेलं फेकायची. दिवसभर उपमा चाखून चाखून ती घरी फक्त ताक पिते असं म्हणायची. त्या दिवशी तिच्या दाताखाली कट् झालं. तिनं ते हातावर काढलं. काळं, गोल, मोहरीएवढं. खडा असेल म्हणून दिव्याखाली धरलं तर त्याला आरपार भोक होतं.

मोहरीला भोक नसतं. तो काचेचा मणी होता.

धातू असता तर यंत्रानं पकडला असता. पाकिटं ज्या कमानीखालून जातात तिथं टाचणीएवढं लोखंड आलं तरी भोंगा वाजतो. काच त्या यंत्राला दिसत नाही. आणि तळलेल्या मोहरीत काळा मणी बाईच्या डोळ्यालाही दिसत नाही.

लाइन थांबली. त्या दिवसाचा सगळा माल लाल पट्टी लावून बाजूला ठेवला. नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा साहेब युनिटमध्ये मुक्कामाला होता. तरुण माणूस, पुण्याकडचं शुद्ध बोलणारा, रागावणारा नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलायचा आणि सगळ्यांना घाम फुटायचा. शेठ त्याच्या मागं उभा होता, टोपीतून कान बाहेर आलेले. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हा मणी त्याच्या आजोबांच्या नावाला लागला आहे.

लाइनवरच्या सगळ्या बायकांना माझ्या खोलीत आणून भिंतीला ओळीनं उभं केलं. साहेबानं खुंट्या बघितल्या. सवाष्णींची एकही मोकळी नव्हती. नंबर आणि बाई, नंबर आणि बाई, सगळं जुळलं. त्यानं प्रत्येक मंगळसूत्र जवळून बघितलं. एकही तुटलेलं नव्हतं.

"मग मणी आला कुठून?" तो म्हणाला. "कुणाच्या अंगावर दुसरं काही आहे का?"

त्यानं ओळीवरून एक फेरी मारली.

"बघा, मला मूळ कारण लागतं. ते सापडल्याशिवाय मी लाइन सुरू करू शकत नाही आणि हा प्लांट पास करू शकत नाही. जिनं केलं असेल तिला काढावं लागेल, हे मी लपवत नाही. पण न सांगता सापडली तर तिच्याबरोबर बाकीच्यांनाही त्रास."

मुकादमीण तडकली. "बोला की गं! कुनाच्या कनवटीला मनी हाय? एकीपायी सगळ्यांच्या चुली इझवनार हाय काय?"

मग गेटवरची रखवालदारीण बोलावली. एकेकीला पडद्यामागं नेऊन झडती घ्यायची ठरलं. पलीकडच्या टोकापासून सुरुवात झाली.

मी स्टुलावरच होते. माझ्यासमोर सून उभी होती. बाकीच्या बायका पायांकडं बघत होत्या, कुणी डोळे पुसत होत्या. सून सरळ समोर बघत होती आणि तिचा डावा हात एप्रनवरून कमरेला दाबून धरलेला होता. जसं नाडी सुटल्यावर बाई धरते तसा. मला सगळं कळलं. खोटं खुंटीला होतं आणि खरं कमरेला.

पुढं ती मला म्हणाली की ट्रे उचलायला वाकल्यावर दोरा गेला. आत मणी सुटल्याचं तिला कळलं. तिनं हात घालून सोन्याच्या वाट्या मुठीत धरल्या आणि बाकीची पोत नाडीत खोचली. त्या गडबडीत एखादा मणी हातमोज्याला चिकटून टेबलावर गेला असणार.

त्या वेळी एवढं माहीत नव्हतं. एवढं दिसत होतं की पडद्यामागं चौथी बाई गेली आहे आणि सून सातवी आहे.

मी हिशेब केला. यात माया वगैरे काही नव्हती. माझे गुडघे असे, आज नाही तर दिवाळीनंतर मला मुकादमीण घरी बसवणारच होती. सून कायम होणार होती. तिला काढलं तर दोघींपैकी एकीचाही पगार नाही, कारण सून चोरटी निघाली म्हणून सासूलाही ठेवणार नाहीत. मला काढलं तर एकीचा राहतो. चौथी शिकलेल्या बाईलाही हे गणित येतं.

मी म्हटलं, "सायेब, मनी हितला हाय."

साहेब वळला. "इथला म्हणजे?"

"सकाळी शिफ्टीच्या टायमाला एकीचं खुंटीवर अडकवताना तुटलं. मनी खाली सांडले. मी झाडून घेतले. एखादा टोप्यांच्या खोक्यात गेला असंल."

मी मुद्दाम तुटलं म्हटलं. सवाष्ण बाई कधी तसं म्हणत नाही, वाढलं म्हणते. ओळीतल्या दोघीतिघी दचकल्या. एकीनं तर तोंडावर हात ठेवला.

"कुणाचं तुटलं?"

"ते मला न्हाई ठावं."

"मावशी, तुमच्यासमोर तुटलं, मणी तुम्ही झाडले, आणि कुणाचं ते माहीत नाही?"

"सायेब, मी रांडमुंड बाई. मी त्येच्याकडं बघत न्हाई आन् हात लावत न्हाई. ह्या बी मला लावू देत न्हाईत. इचारा की त्येंस्नी. गर्दीत कुनाचंतरी तुटलं, तिनं मन्यांआड गाठ मारली आन् अडकवलं. मी खालचं झाडलं."

साहेबानं बायकांकडं बघितलं. बायकांनी माना डोलावल्या. हात न लावण्याबद्दल डोलावल्या, तेवढं खरंच होतं. साहेब पुन्हा माझ्याकडं वळला. माझ्या मोकळ्या गळ्याकडं त्याची नजर गेली आणि त्यानं लगेच ती काढून घेतली. पुण्याकडच्या शिकलेल्या माणसाला असलं तोंडावर बोललेलं चालत नाही. तो भिंतीकडं बघून म्हणाला, "तुम्ही हे लगेच सांगायला हवं होतं."

"व्हय."

"खोली बंद करून, सगळं तपासून मग लाइन सुरू करायला हवी होती."

"व्हय."

"मग का नाही सांगितलं?"

"वाटलं, झाडलं की झालं."

पडद्यामागून पाचवी बाई बाहेर आली. साहेबानं हात वर करून झडती थांबवली. त्याला मूळ कारण मिळालं होतं. म्हातारी बाई, कपडे बदलायची खोली, मोडलेली शिस्त. आता तो ते वर सांगू शकत होता, आणि ज्याला सांगणार तो आणखी वर. असं चढत चढत ते पडद्यावरच्या नकाशात कुठल्या दिव्यापर्यंत गेलं असेल कुणास ठाऊक. तिथं कुणीतरी वाचलं असेल की कुपवाडला एका म्हातारीनं नीट झाडलं नाही.

मला संध्याकाळपर्यंत बाहेर बाकावर बसवलं. आतून उपम्याचे भरलेले कप निघायला लागले. पोत्यात ओतून, वरून निळं पाणी टाकून, ट्रॅक्टरमध्ये भरले. निळं पाणी अशासाठी की ते कुणी परत खाऊ नये. ट्रॅक्टर भरला, गेला, रिकामा आला, परत भरला. एका मण्यासाठी एवढा रवा. मी बघत बसले. माझ्या लहानपणी रवा सणाला घरात यायचा. वाईट वाटायला पाहिजे होतं. तहान लागली होती एवढंच आठवतं.

मुकादमीण बाहेर आली, शेजारी बसली. म्हणाली, "येवढी वर्सं दुसऱ्याच्या खुंटीला हात न लावता संभाळलंस, आन् एका मन्यानं घालवलंस."

"गेलं तर गेलं."

तिनं इकडंतिकडं बघितलं. "माज्या बी कमरेला हाय," ती हळूच म्हणाली. "पयल्या दिसापासनं. उद्यापासनं न्हाई बांधायची बाबा."

मग उठून आत गेली. तिनं मला काही विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

सून स्कूटरवर यायची आणि मी गाडीनं. त्या दिवशी तिनं मला स्कूटरवर घेतलं. आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या रानाजवळ तिनं स्कूटर थांबवली. उतरली नाही, पुढंच बघत म्हणाली, "आत्या, तुमी का बोलला?"

"तू बोलली असतीस तर दोघी घरात बसून एकमेकींची डोकी खाल्ली असती."

"मी काय तुमास्नी सांगितलं न्हवतं."

"सांगायला कशाला पाहिजे? हात दिसत होता. नाडी धरल्यागत."

तिनं स्कूटरच्या आरशातून माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं द्यायची होतीस," मी म्हटलं. "सासू समोर बसलीय, खुंटी हाय. कमरेला कशाला?"

"आवं, तुमी..."

"रंडकी. म्हन की."

"तसं न्हाई हो, आत्या. त्ये तकडं हायत. मला भ्या वाटतंय."

"तुमा सवाष्णींचं बरं हाय," मी म्हटलं. "तुमच्याजवळ भ्यायला हाय."

हे मी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला तो लागला असेल. तिनं स्कूटर चालू केली.

मुलाला फोनवर तिनं सांगितलं की आईचे गुडघे फार दुखतात म्हणून काम सोडलं. तो म्हणाला, बरं केलं, लय दिवस चाललं होतं. पडद्यावर तो हसला. मागं काहीतरी पांढरं होतं, बर्फ होता की भिंत ते कळलं नाही.

गणपतीनंतर ती कायम झाली. नवा गणवेश मिळाला, खिशावर कंपनीचं चित्र. दिवाळीला सगळ्या कायम बायकांना पाकिटांनी भरलेली एक पिशवी मिळाली. बिस्किटं, शेवया, सूप आणि उपम्याचे कप. तेव्हा मला नकाशाच्या दिवशीची ती शेजारची आठवली. तिचा प्रश्न बरोबर होता, पाकिटंच देतात. मी एका कपात पाणी ओतलं, चमच्यानं ढवळलं आणि सगळी मोहरी बाजूला काढून बघितली. मोहरीच होती. मग खाल्ला.

कायम झाल्यापासून ती पोत घरीच काढून ठेवते. सुरुवातीला स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डबा वरच्या फळीवर. एक दिवस तिला उशीर झाला होता. हेल्मेट एका हातात, फळीपर्यंत हात पोचेना. तिनं पोत काढली आणि माझ्यापुढं धरली.

"आत्या, धरा वाईच."

मी भाकरी थापत होते. हात पिठाचे होते. मी म्हटलं, "त्या खिळ्याला लाव." कॅलेंडरच्या शेजारी एक मोकळा खिळा आहे. ती एक क्षण तशीच उभी राहिली. मग लावली आणि गेली. तेव्हापासून ती तिथंच लावते. परत माझ्यापुढं धरली नाही. मीही मागितली नाही.

दिवसभर ती पोत खिळ्यावर असते. दोरा नवा आहे, मणी पटवेकऱ्याकडून नीट ओवून आणलेत, एखादा कमी असेल तरी दिसत नाही. मी खाली चटईवर बसून शेंगा फोडते, डाळ निवडते. दार उघडं असलं की वाऱ्यानं ती थोडी हलते आणि कॅलेंडरला घासते. मला त्या आवाजाची सवय झाली आहे.

घरातला जुना मोबाइल माझ्याजवळ असतो. दुपारी कधीतरी वाजतो. बऱ्याच वेळा कंपन्यांचे असतात, काहीतरी विकायला. फोन वाजला की मी आधी खिळ्याकडं बघते. मग फोन उचलते.